रबरी सूटच्या आत काय घालाल?

सांगवीजवळ मुळा आणि पवना एकत्र येतात. नदीत जलपर्णी साचली की ती काढायला आणि पावसाळ्याआधी नाले उपसायला आपल्या वस्त्यांतली माणसेही पाण्यात उतरतात. छातीपर्यंतचा रबरी सूट, गमबूट, वरून रेनकोट. घाण पाणी अंगाला लागू नये म्हणून हा पोशाख हवाच. पण दोन तासांनी सूट उतरवला की आतली बनियन पिळावी लागते. सूट फाटलेला नसतो, ते पाणी आपल्याच घामाचे असते.

जो सूट बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तो आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. कोविडमध्ये पीपीई किट घालून ड्युटी केलेल्या प्रत्येक परिचारिकेने हे अनुभवले आहे. म्हणून सूटइतकाच विचार आतल्या कपड्याचा करायला हवा.

थंड समुद्रात बुडी मारणारे पाणबुडे ‘ड्रायसूट’ घालतात. मान आणि मनगटाशी घट्ट बसणारा, आत थेंब न येऊ देणारा. त्यांचा पहिला नियम साधा आहे: अंगालगत सुती कपडा नको. आपल्या नाल्यातल्या सूटलाही हाच नियम लागू आहे.

सुती का नको?

उन्हात मोकळ्या हवेत सुती कपड्यासारखा दुसरा कपडा नाही. वारा लागतो, घाम वाळतो, अंग गार होते. सूटच्या आत मात्र वाराच नाही. सुती बनियन घाम पिते आणि धरून ठेवते. साध्या दमट हवेतसुद्धा १०० ग्रॅम सूत सुमारे ८ ग्रॅम ओलावा धरते, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही.

ओली बनियन अंगाला चिकटली की दोन त्रास होतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे काम थांबताच हुडहुडी भरते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेते. आणि कातडी भिजून मऊ पडते. जांघेत, काखेत, बोटांच्या बेचक्यात ती सोलवटते, मग गजकर्ण होते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही जखमेतून किंवा भिजून मऊ झालेल्या कातडीतून शिरतात.

मग काय घालावे?

क्रिकेट-कबड्डीची मुले घालतात तसली पातळ पॉलिएस्टरची जर्सी आणि तशीच अंगासरशी पँट. हे कापड घाम पीत नाही, कातडीपासून ओढून बाहेरच्या बाजूला पसरवते. घेताना एवढे पाहा:

• कापडाच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका. लगेच पसरला तर कापड कामाचे. मोत्यासारखा बसून राहिला तर ते पॉलिएस्टर असूनही घाम ओढणार नाही.

• कपडा अंगासरशी हवा, पण आवळणारा नको. ढगळ कपड्याला आत घड्या पडतात आणि घडी तिथे काचते.

• जाड शिवण, कॉलर, बटणे, खिसे नकोत. सूटच्या पट्ट्याखाली तेच टोचते.

• मनगटाशी किंवा मानेशी रबर बसत असेल, तर त्याखाली कापड अडकू देऊ नका. त्या फटीतून पाणी आत येते.

• जीन्स घालू नका. मोजेही जाड सुती नकोत.

साडीच्या निऱ्या आणि परकराची नाडी सूटमध्ये काचते, म्हणून ताईंनी सूटच्या दिवशी ट्रॅक पँट घालावी.

थंडी असेल तर जर्सीवर जुना लोकरी स्वेटर किंवा फ्लीसचा कपडा घाला. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब देते. उन्हाळ्यात मात्र एक पातळ थर पुरे.

तीन सावधगिऱ्या

पहिली, आगीची. चाकण-भोसरीच्या कारखान्यात वेल्डिंग, भट्टी, फोर्जिंगवर असाल तर ही जर्सी घालू नका. पॉलिएस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटते आणि भाजलेली जागा अधिक खोल होते. तिथे सुतीच घाला. पेंट शॉपमध्येही कंपनीने ठरवून दिलेलाच पोशाख घाला. तिथल्या वाफांना कपड्यांच्या घर्षणाची ठिणगीसुद्धा पेटवू शकते.

दुसरी, उष्णतेची. जर्सीने कातडी कोरडी राहते, पण सूटमधली उष्णता कमी होत नाही. उन्हाळ्यात ठराविक वेळाने सूट उघडून सावलीत बसायलाच हवे. १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे प्या. चक्कर आली, डोके दुखू लागले, मळमळले तर काम थांबवा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला तर सूट काढा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि तातडीने दवाखान्यात न्या.

तिसरी, वायूची. चांगला सूट आणि चांगली जर्सी मिळाली म्हणून मॅनहोलमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरू नका. विषारी वायूला कपडा अडवत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही तिथे उतरवणे गुन्हा आहे.

काम संपल्यावर

जर्सी रोज धुवा, सूट आतून पुसून उलटा करून सावलीत वाळवा. जर्सीला कपडे मऊ करणारे द्रव लावू नका, त्याने कापडाची घाम ओढण्याची ताकद जाते. निदान दोन जोड हवेत. ओला जोड दुसऱ्या दिवशी घालणे म्हणजे रोग अंगावर घेणे. अंघोळीनंतर जांघ आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. चट्टे उठले तर मेडिकलमधून मनाने मलम आणू नका. त्यात अनेकदा स्टेरॉइड असते. खाज थांबते आणि गजकर्ण पसरत जाते.

घाण पाण्यात काम केल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर लगेच औंध जिल्हा रुग्णालयात किंवा वायसीएममध्ये जा. “मी नाल्याच्या पाण्यात काम केले आहे” हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. हे कळले की लेप्टोची शंका वेळेवर येते, आणि वेळेवर औषध मिळाले की माणूस वाचतो.

हे कपडे खिशातून घ्यावे लागू नयेत. सूट मागताना ठेकेदाराकडे आतले दोन जोड, कपडे बदलायला आडोसा आणि अंघोळीचे पाणीही मागा. एकट्याने नको, सगळ्यांनी मिळून आणि लेखी मागा.