कायद्याचे कॉलेज आणि खाडीपलीकडचा जिल्हा

मुंबईत कायद्याचे वर्ग विद्यापीठाच्याही आधी सुरू झाले. मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये कायद्यावर व्याख्याने देत. 1852 मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी निधी जमवला. त्यातून 1855 साली न्यायशास्त्राचे ‘पेरी प्राध्यापक’पद निर्माण झाले आणि आजच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा पाया घातला गेला. मुंबई विद्यापीठ दोन वर्षांनी आले. आशियातले सर्वांत जुने विधी महाविद्यालय म्हणून चर्चगेटचे हे कॉलेज ओळखले जाते.

त्याची घडण पहिल्यापासून कोर्टाच्या वेळापत्रकाने केली. शिकवणारे बहुतेक जण वकिली करणारे, त्यामुळे तास कोर्टाच्या आधी किंवा नंतर. आजही तास सकाळी लवकर उरकतात आणि पुढचा दिवस मुले वकिलांच्या कचेऱ्यांत उमेदवारी करतात. निम्मे शिक्षण वर्गात, निम्मे फोर्टच्या जिन्यांवर! टिळक इथेच शिकले. पुढे सीरवाई, पालखीवाला, नरिमन अशी घटनेच्या कायद्यातली मोठी नावे याच वर्गांतून बाहेर पडली.

पण कॉलेजचा दबदबा केवळ या नामावळीने मोजला, तर त्याच्या इतिहासातला सर्वांत जिवंत काळ हातून निसटतो. त्या काळाचा धागा खाडीपलीकडे, तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात जातो.

जून 1935 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कॉलेजचे प्राचार्य झाले. पेरी प्राध्यापकपदही त्यांच्याकडेच होते. रूढीला कायद्याचे बळ केव्हा येते, हा न्यायशास्त्रातला नेहमीचा धडा. तो शिकवणाऱ्या प्राध्यापकांवर नेमका त्याच प्रश्नाचा दावा चालू होता. महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना पाणी भरू न देण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, असे सांगत तिथल्या काही सवर्णांनी डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेबांविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्याच महिन्यात महाडला भरलेल्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब बोटीने सावित्री नदीतून दासगावला उतरले. मनुस्मृतीचे दहन झाले, पण कोर्टाचा हुकूम मानून तळ्यावर जाणे थांबवले. खटला हायकोर्टापर्यंत गेला. 17 मार्च 1937 रोजी हायकोर्टाने अपील फेटाळले: तळे नगरपालिकेचे, आणि अशी अनादि रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. हा निकाल लागला तेव्हा प्रतिवादी प्राचार्यांच्या खुर्चीत होते.

दुसरा प्रश्न जमिनीचा. अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 मध्ये खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, जमिनी कसायचे थांबवले. उपासमार सोसत हा संप 1939 पर्यंत टिकला. बाबासाहेबांचा त्याला पाठिंबा होता. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, तेही प्राचार्य असतानाच. 1938 मध्ये त्यांनी कॉलेज सोडले. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. पण 1939 च्या कुळकायद्याने संरक्षित कूळ ही संज्ञा आली आणि खोती रद्द करणारा कायदा 1949 चा.

शहरातल्या सरकारी कॉलेजचे मोल इथे कळते. कंपन्यांचे करारमदार लिहिणारे वकील कुठूनही मिळतील. रूढीचा पुरावा तपासणारा, सातबाऱ्यावरचे नाव भांडून टिकवणारा वकील समाजाला मुद्दाम घडवावा लागतो. रायगडच्या किनाऱ्याला त्याची गरज कधीच संपलेली नाही. न्हावा-शेवा आणि नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील हेही वकीलच होते. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क त्या लढ्यातूनच आला. पुढे पेण-उरणच्या शेतकऱ्यांनी महामुंबई सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) रोखले. आता सागरी नियमन क्षेत्र, कोळीवाड्यांच्या हद्दी, नव्या रस्त्यांचे भूसंपादन असे प्रश्न उभे आहेत.

चर्चगेटच्या कॉलेजची फी खासगी विधी महाविद्यालयांच्या मानाने फारच कमी आहे आणि प्रवेश राज्याच्या सीईटीतून मिळतो. पदवीनंतर तीन वर्षांचा, बारावीनंतर पाच वर्षांचा, असे दोन्ही अभ्यासक्रम तिथे आहेत. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या शाळांनी आपल्या हुशार मुलामुलींपुढे इंजिनीअरिंगच्या जोडीला हाही अर्ज ठेवावा. उद्याच्या भूसंपादनाची नोटीस वाचायला गावातलाच माणूस हवा.