फळी, पायाची दोरी आणि अंगभर पोशाख : जलक्रीडेची साधने कशी घडली, आणि त्यातून आपण काय शिकावे

सुट्ट्या लागल्या की आपल्याकडची कुटुंबे कोकणची वाट धरतात. अलिबाग, काशीद, मुरुड, तारकर्ली, मालवण... किनाऱ्यावर बनाना बोट असते, जेट स्की असते, काही ठिकाणी सर्फिंगची फळी आणि उभे राहून वल्हवायची फळीही दिसू लागली आहे. मुले हट्ट धरतात, अब्बा पैसे काढून देतात आणि अम्मी, आपा, खाला वाळूवर चपला सांभाळत बसतात.

या साधनांकडे आपण खेळणी म्हणून बघतो. पण त्यातली जवळपास प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी अडचणीतून घडली आहे. कोणाला फळी उचलवत नव्हती, कोणी थंडीने गारठत होते, कोणाचा डोळा गेला, तर कोणाला कपड्यांमुळे पाण्यात उतरताच येत नव्हते. ही साधने का बनली हे कळले, की ती कशी वापरायची आणि कुठे त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही, हेही कळते. म्हणून हा विषय आम्ही वाचकांसमोर ठेवत आहोत.

जड लाकूड हलके कसे झाले?

लाटेवर फळी टाकून किनाऱ्याकडे येण्याचा खेळ हवाई बेटांवर शेकडो वर्षांपासून आहे. तिथल्या जुन्या फळ्या भरीव लाकडाच्या असत. 'ओलो' नावाची मोठी फळी पाच मीटरच्या आसपास लांब आणि पन्नास किलोहून जास्त वजनाची असे. ती पाण्यापर्यंत नेणे हेच अर्धे काम.

पण हीच फळी जीव वाचवू शकते हे १९२५ मध्ये जगाने पाहिले. कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीचजवळ एक बोट उलटली. हवाईचे प्रसिद्ध जलतरणपटू ड्यूक काहानामोकू तिथे होते. त्यांनी आपली फळी घेऊन खवळलेल्या पाण्यात पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या आणि एकट्याने आठ जणांना बाहेर काढले. पोहत जाणारा माणूस एकाला कसाबसा ओढून आणतो. फळी मात्र थकलेल्या माणसाला टेकायला जागा देते. म्हणूनच पुढे जीवरक्षकांच्या सामानात फळी आली.

वजनाचा प्रश्न हाती घेतला टॉम ब्लेक या अमेरिकन माणसाने. होनोलुलूच्या संग्रहालयातल्या जुन्या हवाईयन फळ्या दुरुस्त करताना त्यांचा अभ्यास झाला. मग त्यांनी स्वतःच्या फळीला भोके पाडून, नंतर आतून पोकळ ठेवून ती हलकी केली. १९३५ मध्ये त्यांनी फळीच्या तळाला मागच्या बाजूला एक छोटा पंखा, म्हणजे फिन, बसवला. दिसायला साधी गोष्ट, पण त्याआधी फळी लाटेवर आडवी घसरायची आणि वळवायची तर पाय पाण्यात घालून ओढावा लागायचा. माशाच्या परासारखा हा पंखा पाण्याला धरून राहतो, म्हणून फळी सरळ जाते आणि मनासारखी वळते. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यांनी तीन पंख्यांची फळी वापरून बेल्स बीचची मोठी स्पर्धा जिंकली. आज तीन पंखे ही अगदी नेहमीची रचना झाली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हलके बाल्सा लाकूड आणि त्यावर फायबरग्लासचे आवरण आले. १९५८ च्या सुमारास होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियात लाकडाच्या जागी पॉलियुरेथेन फोम वापरून फळ्या बनवायला सुरुवात केली. आता फळी साच्यात तयार होऊ लागली, स्वस्त झाली आणि काखेत मारून नेता येईल इतकी हलकी झाली. पहिलवानाचा खेळ मुलींच्या आणि पोरांच्या आवाक्यात आला तो असा.

१९७१ मध्ये हवाईतच टॉम मोरे यांनी फोमचा तुकडा विजेच्या सुरीने कापला आणि इस्त्रीने त्याला आकार दिला. पोटावर झोपून लाटेवर यायची ही आखूड, मऊ फळी. उभे राहण्याची कसरत नाही आणि डोक्यात बसली तरी लाकडासारखा मार नाही. आज सर्फिंग शिकवणारे नवशिक्यांना वरून मऊ असलेली मोठी फळी देतात, त्यामागेही हाच विचार आहे.

पायाची दोरी : सोय आणि धोका

फळी हलकी झाली, पण एक जुना त्रास उरला. माणूस पडला की फळी लाटेबरोबर किनाऱ्याकडे निघून जायची. ती कोणाला तरी लागायची आणि मालकाला तिच्यामागे पोहत जावे लागायचे. १९७१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील पॅट ओनील या तरुणाने ताणली जाणारी रबरी नळी वापरून फळी आपल्याला बांधून घेतली. सुरुवातीला लोक हसले. रबर फार ताणले जायचे आणि फळी गोफणीतल्या दगडासारखी उलट यायची. अशाच एका दोरीमुळे त्यांचे वडील जॅक ओनील यांचा डावा डोळा गेला. पुढे कमी ताणणारी प्लास्टिकची दोरी आली आणि आज 'लीश' नसलेली फळी क्वचितच दिसते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. समुद्रात घोट्याला बांधलेली दोरी उपयोगी आहे, कारण फळी हाताशी राहते आणि तिला धरून तरंगता येते. पण वाहत्या नदीत, जिथे झाडे, फांद्या, खांब असतात, तिथे तीच घोट्याची दोरी अडकून माणसाला पाण्याखाली धरून ठेवू शकते. तिथे कमरेला बांधायची आणि एका झटक्यात सुटणारी दोरी लागते. साधन चांगले की वाईट, हे पाणी कसले आहे त्यावर ठरते.

गारठा आणि रबराचा सूट

जॅक ओनील यांचे नाव आणखी एका वस्तूशी जोडलेले आहे, ती म्हणजे वेटसूट. सॅन फ्रान्सिस्कोच्या बर्फासारख्या पाण्यात फार वेळ थांबता येत नसे. त्यांनी १९५२ मध्ये तिथे दुकान काढले आणि रबरी सूट सर्फिंग करणाऱ्यांमध्ये रुजवला. पण मूळ कल्पना ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाची. बर्कली विद्यापीठात असताना त्यांनी नौदलाच्या पाणबुड्यांसाठी यावर काम केले. अंग कोरडे राहायलाच हवे, असा तोवरचा समज होता. ब्रॅडनर यांनी ओळखले की अंग ओले झाले तरी चालेल, ऊब टिकवतात ते निओप्रीन रबरातले हवेचे बारीक बुडबुडे. सूट अंगाला घट्ट बसला पाहिजे, म्हणजे आतले थोडेसे पाणी अंगाच्या उबेने तापते आणि सारखे बदलत नाही.

आपल्या कोकणातल्या उबदार पाण्यात जाड सूटची गरज नसते. पण या सूटमुळे एक नकळत बदल झाला. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकून समुद्रात उतरणे ही जगभर साधी, नेहमीची गोष्ट झाली.

आपल्या भगिनींची अडचण आणि सिडनीचे उत्तर

तरीही मुस्लिम मुलींचा प्रश्न सुटला नव्हता. रबरी सूट अंगाला चिकटतो, डोके झाकत नाही. सलवार-कमीज किंवा अबाया घालून उतरले तर कापड पाणी पिते, पायात गुंडाळते, वर तरंगते आणि हात मारू देत नाही. अशा कपड्यांत पोहणे अवघड तर आहेच, धोक्याचेही आहे. मग मुलींनी काठावरच बसायचे, हा आपल्याकडचा सोपा तोडगा.

लेबनॉनमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात वाढलेल्या आहेदा झनेट्टी यांनी हा तोडगा मान्य केला नाही. हिजाब आणि कपड्यांचे थर घालून नेटबॉल खेळणारी आपली भाची त्यांनी पाहिली आणि आधी खेळासाठी डोक्याला घट्ट बसणारा हिजाब शिवला. त्यानंतर २००४ मध्ये बुर्किनी आली. ती डिझाइन म्हणूनही नीट बघण्यासारखी आहे. कापड पाणी न शोषणारे, लवकर सुकणारे. अंगरखा सैल, पण इतका नाही की पाण्यात फुगेल. तो वर तरंगू नये म्हणून विजारीला बांधायची सोय. टोपी डोक्याला जोडून असल्यामुळे सुटायची भीती नाही.

डिसेंबर २००५ मध्ये सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर अरब वंशाच्या लोकांवर जमावाने हल्ले केले. त्या जखमेनंतर तिथल्या जीवरक्षक संघटनेने मुस्लिम तरुणांना आपल्या कामात सामील करून घेण्याचा प्रयत्न सुरू केला. मेका लाला ही तरुणी त्यातूनच पुढे आली आणि २००७ मध्ये जीवरक्षक झाली. तिचा पोशाख होता जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या रंगातली बुर्किनी. जिला किनाऱ्यावर परकी समजले जात होते, ती आता तिथल्या सगळ्यांचे जीव सांभाळायला उभी होती.

२०१६ मध्ये फ्रान्सच्या अनेक शहरांनी किनाऱ्यावर या पोशाखाला बंदी घातली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने विलनव-लुबे या गावाची बंदी स्थगित केली. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. पण उन्हापासून त्वचा जपणाऱ्या बिगरमुस्लिम स्त्रियाही हा पोशाख घेतात, हे आवर्जून सांगायला हवे.

सगळ्यात जुने, सगळ्यात दुर्लक्षित

आता त्या साधनाकडे येऊ, जे आपण सगळ्यात कमी मनावर घेतो, ते म्हणजे लाइफ जॅकेट. १८५४ मध्ये ब्रिटनच्या जीवरक्षक नौकांसाठी कॅप्टन वॉर्ड यांनी बुचाच्या झाडाच्या सालीचे जॅकेट बनवले. ते जाडजूड होते, लोकांना आवडत नसे. १८६१ मध्ये व्हिटबी या बंदरात वादळात जीवरक्षक नौका उलटली. तेरांपैकी बारा जण गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन, आणि नवे बुचाचे जॅकेट घातलेला तो एकटाच होता. आज बुचाच्या जागी फोम आहे, तत्त्व मात्र तेच.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली डझनाहून अधिक तरुण मुले बुडाली. त्यांत मुली जास्त होत्या. त्या दिवशी आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत मातम झाला. अल्लाह त्या मुलांची मगफिरत करो. पण दुआबरोबर आपली जबाबदारीही येते. मुलांना पोहायला शिकवा, ही नसीहत हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती मुलींनाही तितकीच लागू आहे. स्त्रियांसाठी वेगळी वेळ आणि महिला प्रशिक्षक असलेले तलाव काही शहरांत आहेत. नसतील तिथे मोहल्ल्यातल्या दहा-पंधरा कुटुंबांनी मिळून मागणी केली, तर तलाव चालवणाऱ्यालाही विचार करावा लागतो.

आणि किनाऱ्यावर गेल्यावर पुढच्या गोष्टी सोडू नका :

- जॅकेटचे सगळे बक्कल लावा आणि खांद्याला धरून वर ओढून बघा. ते हनुवटी, कानापर्यंत सरकले, तर मोठे आहे. दुसरे मागा.
- लहान मुलांना त्यांच्याच मापाचे जॅकेट घाला, शक्यतो दोन पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचे. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या अंगातून निसटते.
- हवेची ट्यूब, रिंग ही खेळणी आहेत. मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, त्यांना बघता बघता आत नेतो.
- पाणी आत ओढू लागले तर त्याच्याशी झुंजू नका. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर सरका, हात वर करून मदत मागा.
- बुडणाऱ्याकडे पोहून जाण्याआधी तरंगणारी वस्तू फेका : फळी, ट्यूब, रिकामा कॅनसुद्धा.
- ओढणी, अबाया, जीन्स घालून गुडघ्यापेक्षा खोल जाऊ नका. अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख आता ऑनलाइन आणि शहरांतल्या दुकानांतही मिळतो.
- पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. कोणी कमी पैशांत फेरी मारून आणतो म्हणाला, तरी नको म्हणा.

या वेळी सहलीची बॅग भरताना खाण्याच्या डब्याबरोबर मुलांच्या मापाची जॅकेटही भरा. आणि घरातल्या मुलीने पोहायला शिकायचे म्हटले, तर तिला काठावर बसवून ठेवू नका.