नळ, पाइप आणि ट्यूब

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीस डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या खापरी नळांनी आणले गेले. आपल्या भाषेत मोठा तो नळ, बारीक ती नळी, उघडा तो पाट. इंग्रजीत पाणी वाहून नेणारा तो पाइप, कोणतीही पोकळ नळी ती ट्यूब, आणि वाकणारी रबरी नळी ती होज. ट्यूब बहुधा बाहेरील व्यासाने मोजतात, पाइप आतील पोकळीने. परंतु केवळ नावावर विसंबू नये. दोन इंची लोखंडी पाइपाचे माप साधारणतः आतले असते. ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचे मात्र बाहेरचे. हे न जाणता आम्ही आणलेला जोड बसला नाही व ऐन पाळीच्या दिवशी पीक तहानेले राहिले. यास्तव शेतकरी बंधूंनी माप आतले की बाहेरचे, हे विचारूनच पैसे मोजावेत.