प्रवाळाच्या टाकीत कोणता रॅस मासा सोडावा?

फेअरी, फ्लॅशर : प्रवाळाला तोंड लावत नाहीत, स्वभावानेही बरेच शांत. पाण्यात तरंगणारे खाद्य टिपतात, म्हणून मायसिस कोळंबी दिवसातून दोन-तीनदा थोडी थोडी घालावी. फेअरी रॅस झोपताना अंगाभोवती चिकट, पारदर्शक कोष करतो. सकाळी या कोषाचे तुकडे तरंगताना दिसले, तर तो आजार समजू नये.

पिवळा रॅस (हॅलिकोरीस क्रायसस) : लांबी सुमारे १२ सेंमी. चपटे कृमी आणि शिंपल्यांना त्रास देणाऱ्या इवल्या परजीवी गोगलगायी वेचून खातो. रात्री वाळूत शिरतो. बारीक वाळूचा किमान ५ सेंमी थर हवा.

सहा पट्ट्यांचा रॅस : जेमतेम ८ सेंमीचा, पण भांडखोर. एकदा जम बसला की नव्या माशाला कोपऱ्यात दामटतो. घ्यायचाच असेल तर सर्वांत शेवटी सोडावा.

लेपर्ड रॅस : देखणा, पण खाण्याच्या बाबतीत नाठाळ. दगडांवर सूक्ष्म जीव भरपूर वाढलेली, मुरलेली टाकी असेल तरच आणावा.

क्लीनर रॅस : टाळावा. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी आणि बुळबुळीत स्राव हा त्याचा आहार. घरच्या टाकीत बहुधा उपासमार होते.

झाकण : घाबरला की रॅस थेट टाकीबाहेर उडी मारतो. वायरींच्या फटीसुद्धा बारीक जाळीने बंद कराव्यात.

खरेदी : दुकानदाराला समोर खाणे घालायला सांगावे. पोट खपाटीला गेलेला किंवा खाण्याकडे ढुंकूनही न पाहणारा मासा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.