घरच्या संगणकाची जोडणी : तारेने की बिनतारी?

पीकविम्याचा अर्ज, सातबारा, अनुदानाची मागणी ही कामे आता घरच्या संगणकावर करता येतात. मात्र ऐन वेळी जोडणी तुटली तर मुदत हुकते. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत माझ्या मावशीचे जुने माळवदाचे घर आहे. खरीप पीकविम्याच्या मुदतीच्या आदल्या रात्री तेथे बसून गावाकडचा अर्ज भरत होतो. कागदपत्रे चढवताना जोडणी तीनदा तुटली. मी सेवेला दोष देत बसलो. सकाळी लॅपटॉप राउटरजवळ नेला, तर अर्ज दहा मिनिटांत गेला! मध्ये होती ती दोन हात जाडीची भिंत.

१९९८ मध्ये वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. उसाच्या नोंदी तेथे पाहता येत. तेव्हा जोडणी गावापर्यंत आणणे हेच मोठे काम होते. आता ती पुष्कळ ठिकाणी दारापर्यंत येते. पुढचे तीस-चाळीस फूट मात्र आपल्याकडे असतात.

बिनतारी जोडणी रेडिओलहरींवर चालते. जाड भिंतीत लहरी क्षीण होतात, पत्रा व लोखंडी कपाट त्यांना परतवून लावतात. म्हणून राउटर कोपऱ्यात किंवा कपाटामागे न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. राउटरवर २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावे दिसत असल्यास भिंतीपलीकडे २.४ घ्यावे, ५ वेगवान, पण भिंतीला लवकर हार मानते. टेबलावरच्या जुन्या संगणकात बिनतारी सोय नसेल, तर यूएसबीत बसणारा छोटा अडॅप्टर मिळतो. नाव निवडून पासवर्ड टाकला की झाले. राउटरसोबत आलेला पासवर्ड बदलावा व सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे.

मात्र जो संगणक जागचा हलत नाही, त्याला तारच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ठिबकाचे पाणी नळीतून थेट मुळाशी जाते, तुषारचे वाऱ्यावर उडते. तसाच हा फरक. कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रतीची, शुद्ध तांब्याची केबल घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, ती टाळावी. एक टोक राउटरच्या लॅन खाचेत, दुसरे संगणकात बसवावे. बहुधा पत्ता संगणक आपोआप घेतो, पासवर्डही लागत नाही. १०० मीटरपर्यंत अशी केबल चालते. विजेच्या तारांना चिकटून ती नेऊ नये, आणि उंदरांपासून वाचवण्यासाठी पीव्हीसी नळीतून न्यावी. वीज जाताच राउटर बंद पडतो, म्हणून त्याला छोटा बॅटरी-संच जोडावा.

घरापासून गोठ्यापर्यंत किंवा विहिरीवरच्या खोलीपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नये. पावसाळ्यात जवळ वीज पडली, तर तिचा झटका केबलमधून संगणकापर्यंत येऊ शकतो. तेथे प्रकाशतंतू केबल टाकावी. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. फक्त त्या केबलला आधाराची धातूची तार नसलेली पाहून घ्यावी.