मेसेज डिलीट मारू नका, तोच पुरावा आहे!

नागपूर : अनोळखी नंबरवरून रोज ‘हाय’, रात्री मिस कॉल. ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून पुन्हा तेच. इन्स्टाग्रामवर एक आयडी बंद केली की दुसरी तयार. गावात असं झालं की घरचे आधी पोरीचाच मोबाईल काढून घेतात, मेसेज उडवतात अन् सीम बदलतात. बदनामीची भीती खरी आहे, पण पुरावाच गेला तर त्रास देणारा मोकळा सुटतो.

कायदा काय म्हणतो?

भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 78 मध्ये हा गुन्हा आहे. आधी तो भादंवि 354-ड मध्ये होता. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही मागे लागून वारंवार संपर्क करणे किंवा तिच्या इंटरनेट, ई-मेल वापरावर पाळत ठेवणे, दोन्ही यात येतं. पहिल्यांदा 3 वर्षांपर्यंत, पुन्हा दोषी ठरल्यास 5 वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. 18 वर्षांखालच्या मुला-मुलींच्या मागे वाईट हेतूने लागल्यास पोक्सो कायदा लागतो.

‘वारंवार’ सिद्ध करावं लागतं

एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डिसेंबर 2024 मध्ये सांगितलं की, फक्त एकदा मागे जाणं म्हणजे पाठलागाचा गुन्हा होत नाही. वारंवार किंवा सतत मागे लागल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे तुम्ही उडवलेला प्रत्येक मेसेज हा केसमधून कमी झालेला पुरावा आहे. मात्र धमकी किंवा अश्लील फोटो एकदाच आला तरी तो वेगळा गुन्हा होतो. तिथे वाट पाहत बसू नका.

काय करावं?

1. एकदाच स्पष्ट लिहा, ‘मला मेसेज, फोन करू नका.’ नंतर उत्तर देऊ नका, शिवीगाळही नको.

2. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. प्रोफाइलची लिंक जपा. कॉल कधी आले ते वहीत लिहा.

3. हे झाल्यावरच ब्लॉक करा. मूळ मेसेज ज्या फोनमध्ये आहेत तो विकू नका, रिसेट मारू नका. कोर्टात नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

4. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा. अनोळखी मशीन दिसलं तर आधी स्क्रीनशॉट, मग लॉग आऊट. कुणीतरी तुमचे मेसेज वाचत असू शकतं.

तक्रार कुठे?

काटोल, उमरेड, रामटेक, कुही, कुठेही राहा, जवळच्या पोलीस ठाण्यात जा. ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. अशा गुन्ह्यात बाईची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात जायला संकोच वाटत असेल तर सायबर क्राइम पोर्टलवर मोबाईलवरून तक्रार करता येते. जिवाला धोका वाटला तर थेट 112, महिला मदतीसाठी 181.

घरच्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, पोरीचा फोन हिसकावला तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. तिच्या शेजारी बसा अन् स्क्रीनशॉट काढायला मदत करा.