छायाचित्रणाचा छंद आणि प्रदेशाची आठवण

छंद कसा लागला, हे छंदिष्ट माणसाला सहसा नीट सांगता येत नाही. गाणे घरातून येते, वाचन शाळेतून किंवा गावच्या वाचनालयातून येते. छायाचित्रणाला मात्र मराठवाड्यात असे कोणतेही माहेर नव्हते. कॅमेरा ही महागडी वस्तू, ती हाताळणारा स्टुडिओवाला हा व्यावसायिक, आणि फोटो काढून घेणे हा लग्नकार्याचा, नाहीतर परीक्षेच्या अर्जाचा एक भाग, एवढाच या कलेशी सर्वसामान्य माणसाचा संबंध होता. असे असूनही नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर यांसारख्या गावांतील काही शिक्षकांना, कारकुनांना आणि विद्यार्थ्यांना हा छंद जडलाच. तो त्यांना कशामुळे जडला आणि आज घरोघरी, किंबहुना खिशाखिशांत, कॅमेरा आलेला असताना तो खऱ्या अर्थाने फार थोड्यांनाच का जडतो, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. वरवर किरकोळ दिसणाऱ्या या प्रश्नात एका प्रदेशाची स्मृती गुंतलेली आहे.

दागेरने शोधून काढलेल्या पद्धतीची कृती १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि छायाचित्रणाचा जगभर प्रसार सुरू झाला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्याव्यासंगी गृहस्थ तिचे सभासद होते. पण ती मंडळी विद्वान तरी होती किंवा श्रीमंत तरी. सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात ही कला आली ती एका नोकरदारामुळेच. अमेरिकेतील रॉचेस्टर गावच्या बचत बँकेत जॉर्ज ईस्टमन हा तरुण कारकून होता. सुटीत सांतो दोमिंगोला जावे, असे १८७७ साली त्याच्या मनात आले. त्या प्रवासाची छायाचित्रे काढावीत म्हणून त्याने सगळी सामग्री विकत घेतली. काचेच्या पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या, तंबू, तिपाई असे एका घोड्याच्या पाठीवर लादावे एवढे ते ओझे होते. प्रवास राहूनच गेला. ओझे मात्र मनात घर करून बसले. बँकेतून परतल्यावर हा गृहस्थ आईच्या स्वयंपाकघरात रात्र रात्र प्रयोग करू लागला. त्यातूनच १८८८ साली शंभर चित्रांचा रोल घातलेला ‘कोडॅक’ कॅमेरा निघाला आणि १९०० साली अवघ्या एक डॉलरचा ‘ब्राउनी’ बाजारात आला.

याच सुमारास इकडे इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके तयार करणारा एक कर्मचारी फावल्या वेळात कॅमेऱ्याच्या नादी लागला होता. त्याचे नाव दीनदयाळ. मीरतजवळच्या सरधना येथे १८४४ साली जन्मलेल्या आणि रुडकीला स्थापत्याचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने १८७४ च्या सुमारास छंद म्हणून छायाचित्रणाला आरंभ केला. पुढे त्याने त्यासाठी कचेरीतून लांबची रजा काढली आणि अखेर नोकरीचाही निरोप घेतला. हैदराबादच्या सहाव्या निजामाने त्याला दरबारी छायाचित्रकार नेमले व ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. आजचे नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे त्या काळी याच निजामाच्या राज्यात मोडत होते. म्हणजे कॅमेरा या राज्यात उशिरा आला, असे म्हणता येत नाही. लाला दीनदयाळांनी दुष्काळी कामांची छायाचित्रेही घेतली; तरी त्या काळच्या दरबारी कॅमेऱ्याचे तोंड मुख्यतः राजवाडे, शिकारी आणि उमराव यांच्याकडेच राहिले. गोदाकाठचा संसार त्याच्यासमोर क्वचितच आला.

मराठी माणसाला याहून जवळचे उदाहरण दादासाहेब फाळक्यांचे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बडोद्याच्या कलाभवनात गेले आणि तेथे त्यांना छायाचित्रणाची गोडी लागली. चित्रपटाच्या कितीतरी आधी त्यांनी गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय करून पाहिला होता. फोटो काढला की माणसाचे आयुष्य घटते, अशी समजूत त्या काळी सर्वत्र होती आणि तिचा फटका त्यांनाही बसला. मराठवाड्याच्या खेड्यांतही ही समजूत पुष्कळ वर्षे टिकून होती. कॅमेरा पाहताच पदर पुढे ओढणाऱ्या आज्या जुन्या पिढीने पाहिलेल्या आहेत.

या तिघांच्या कहाण्या वेगवेगळ्या असल्या तरी त्यांत एक धागा समान आहे. उत्तम यंत्र हाती आले म्हणून यांपैकी कोणी छंदिष्ट झाला नाही. ईस्टमनला न घडलेल्या प्रवासाची चित्रे हवी होती, दीनदयाळांना कागदावर आखलेल्या इमारती प्रत्यक्षात उभ्या दिसत होत्या, फाळक्यांच्या बोटांत चित्रकला होती. काहीतरी पकडून ठेवायचे आहे ही ओढ आधी होती. यंत्र नंतर आले. ख्यातनाम छायाचित्रकार रघु राय हे मूळचे स्थापत्य अभियंता. थोरले बंधू एस. पॉल यांच्यामुळे त्यांच्या हाती कॅमेरा आला आणि एका खेड्यात गाढवाच्या शिंगराचा पाठलाग करीत त्यांनी त्याचे चित्र टिपले. बंधूंनी ते लंडनच्या ‘टाइम्स’कडे पाठवले आणि ते छापूनही आले. त्या शिंगराला बातमीमूल्य असे काहीच नव्हते. ते पळत होते आणि पाहणाऱ्याला ते निसटू द्यायचे नव्हते, एवढेच त्या चित्राचे कारण.

मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय घरांत हा अनुभव पोहोचवला तो प्रामुख्याने बडोद्याला तयार होणाऱ्या आग्फाच्या ‘क्लिक थ्री’ने. साधे भिंग, ऊन की ढग एवढीच काय ती निवड, आणि मागच्या तांबड्या खिडकीतून दिसणारा चित्राचा आकडा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ रोलही पुढे बाजारात मिळू लागला. रोलवर चित्रे बारा. महिन्याच्या पगारातून काटकसर करून घेतलेल्या या बारा चित्रांपैकी एकही वाया जाऊ नये, या चिंतेने कारकुनाला पाहायला शिकवले. सूर्य पाठीशी आहे ना, मागे वाळत घातलेली धोतरे येत नाहीत ना, धाकटी हलणार नाही ना, हे सारे कळ दाबण्यापूर्वी पाहावे लागे. मग रोल स्टुडिओत धुवायला टाकायचा आणि चार-आठ दिवस वाट पाहायची. ज्याला स्टुडिओवाल्याने मोठ्या मनाने अंधाऱ्या खोलीत शिरू दिले, त्याने तांबड्या दिव्याखाली कोऱ्या कागदावर हळूहळू उमटत जाणारा चेहरा पाहिला. तो ज्याने एकदा पाहिला, त्याला या छंदातून सहसा सुटका नसे.

आज हा खर्च उरला नाही आणि ही प्रतीक्षाही उरली नाही. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ज्या मजुराच्या घरी दोन पिढ्यांत एकही फोटो नव्हता, त्याच्या मुलीच्या हाती आज कॅमेरा असलेला फोन आहे, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु चित्रे विपुल झाली म्हणून छंद वाढला, असे मानणे चुकीचे ठरेल. छंद म्हणजे काढलेल्या चित्राकडे पुन्हा पाहणे, ते का फसले हे शोधणे आणि दुसऱ्या दिवशी त्याच उजेडात त्याच जागी परत जाणे. हजार चित्रे काढून एकाकडेही वळून न पाहणाऱ्याला कॅमेरा मिळाला आहे. छंद अजून लागायचा आहे.

त्यात वातावरणही प्रतिकूल. लातूरचे नाव आज सर्वत्र घेतले जाते ते परीक्षेतील यशाच्या ‘लातूर पॅटर्न’साठी. खेड्यापाड्यांतून आलेली हजारो मुले या शहरात खोल्या घेऊन राहतात आणि नांदेडचे चित्र याहून फारसे निराळे नाही. या मुलांच्या कष्टांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या वयात माणसाला काहीतरी निरर्थक वाटणारे मनापासून करावेसे वाटते, त्याच वयात त्याच्या दिवसाचा प्रत्येक तास गुणांच्या हिशेबात जमा होत असेल, तर छंद लागायचा केव्हा? कॅमेरा हाती घेणाऱ्या मुलाला ‘नसते उद्योग’ सोडून देण्याचा सल्ला घरातून आणि वर्गातूनही मिळतो.

या नसत्या उद्योगांची किंमत या प्रदेशाला एकदा फार जबर मोजून कळली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पन्नासहून अधिक गावे उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे ही गावे दुसऱ्या जागी, सरळ आखलेल्या रस्त्यांवर नव्याने वसली. भूकंपानंतरच्या किल्लारीची चित्रे देशोदेशी छापली गेली. भूकंपापूर्वीची किल्लारी, तिथली ढाळज, पारावरची बैठक, आडावरची वर्दळ यांची चित्रे मात्र शोधूनच काढावी लागतील. जी काही सापडतील, ती कोणा छंदिष्ट मास्तराने किंवा सुटीत गावी आलेल्या भाच्याने सहज काढलेली असतील. काढताना त्यांना काडीचे मोल नव्हते. आज एखाद्या घराला आपल्या माणसाचा चेहरा फक्त तेवढ्यातूनच दिसतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन रेल्वेगाडी आली, तेव्हाही हेच घडले. त्या गाडीची चित्रे सर्वांनी पाहिली. संकट आले की बाहेरचा कॅमेरा येतो आणि संकट ओसरले की तो निघून जातो. वृत्तपत्रीय छायाचित्रकारांचा त्यात दोष नाही. ते त्यांचे कामच आहे. पण त्याचा परिणाम असा की, मराठवाडा जगाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो भेगाळलेली जमीन आणि ढिगारे यांच्याच रूपात. ही एकांगी ओळख पुसायची तर गावातच राहणारा, रोजचे पाहणारा कॅमेरा हवा, आणि तो छंदिष्टाचाच असू शकतो.

अशा कॅमेऱ्याला विषयांची वाण नाही. सोळा रस्ते जिथे मिळतात त्या गंजगोलाईची सकाळ, माळेगावच्या खंडोबा यात्रेतले घोडेबाजार आणि पाले, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यासमोरचा हल्लाबोल, कंधारच्या किल्ल्याची तटबंदी, खरोशाची लेणी, होट्टलच्या मंदिरांवरील शिल्पे ही तर सर्वांच्या माहितीची नावे. त्यांहून तातडीच्या आहेत त्या नावे नसलेल्या गोष्टी. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली, तेव्हा पाळी सुटल्यावर रस्त्यावर लोटणारी कामगारांची गर्दीही संपली. पांढऱ्या मातीची माळवदे उतरून स्लॅब पडत आहेत. बैलजोड्या कमी होत आहेत. यांपैकी कशाचीही बातमी होणार नाही, आणि म्हणूनच ते टिपून ठेवणारा कोणीतरी हवा.

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेतील एखाद्या हौशी शिक्षकाने पाचदहा मुलांना आठवड्यातून एकदा गावात फिरवावे. फोन असला तरी चित्रे बाराच काढायची, असा नियम घालावा. पुढल्या आठवड्यात ती सर्वांनी मिळून पाहावीत, त्यांतील एकदोन कागदावर छापून घ्यावीत आणि मागे गाव, तारीख व चित्रातील माणसांची नावे लिहावीत. चित्र काढण्यापूर्वी त्या माणसाची परवानगी घ्यावी, हा संस्कारही तेव्हाच व्हावा. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी जुन्या घरांतील अल्बम मागून घेऊन त्यांच्या नकला जपून ठेवाव्यात. त्यांतील नावे सांगू शकणारी म्हातारी माणसे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.

यातून प्रत्येक मूल छायाचित्रकार होणार नाही आणि व्हावे अशी अपेक्षाही नाही. दहांतील एखादा दुसऱ्या आठवड्यात आपण होऊन परत येईल आणि मागच्या खेपेला फसलेले चित्र पुन्हा काढायला निघेल. छंद लागला, तो तिथे. त्याच्या घरच्यांनी त्या दिवशी अभ्यासाच्या वेळापत्रकातील एक तास त्याला मोकळा करून दिला, तर उद्याच्या नांदेड-लातूरला आपले जुने रूप पाहण्यासाठी बाहेरच्यांच्या दप्तरात हात घालावा लागणार नाही.